पांढराशुभ्र कंद

आमच्या वन्सं स्वतः विसळून ठेवलेला कप वापरायच्या आधी पुन्हा विसळतात. मी धुतलेला असेल तर साबण लावून. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, नणंद आहे, भावजयीच्या कामाला नाक मुरडणारच. बरेच दिवस मी मनातल्या मनात धुसफुसत होते. मग एकदा पाहिलं, तर बाजारातून आणलेली कोरी करकरीत काचेची बरणीसुद्धा त्या तशाच संशयाने उजेडाकडे धरून बघत होत्या. तेव्हा कळलं की बाईंचा कुणावरच विश्वास नाही, स्वतःवर तर त्याहून नाही. त्या दिवसापासून मी राग धरणं सोडून दिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचे कप धुणंही.

मी इथे त्यांचं कौतुक करायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. आडवळणाने कौतुक करणं मला जमत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासरे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात, कारण बोलायला लागल्यापासून त्या घरातल्या प्रत्येकाची चूक काढत आल्या आहेत. एका मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत त्या काम करतात. नोकरी कच्ची, दर वर्षी नव्याने नेमणूक व्हायची आणि दर वर्षी त्या काळात घरातले सगळे दिवस मोजत बसायचे. प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून तिथेच जवळ एक खोली भाड्याने घेतलेली. सुट्टीच्या दिवशी घरी येणार, जेवणार, कप विसळणार आणि संध्याकाळच्या बसने परत जाणार.

घर म्हणजे खाली दुकान आणि वर आम्ही. दुकान चिनी औषधी मुळांचं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर पितळी कडी, आणि आत वाळवलेली मुळं. काही बोटाएवढी, काही दोरखंडासारखी, काहींचे पातळ काप केलेले. वैद्याने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक येतं आणि आम्ही तोलून पुड्या बांधतो. सगळ्यात जास्त खपतो तो शान-याव. आम्ही त्याला मूळ म्हणून विकतो, पण आहे तो कंद, कोनफळाच्या भावकीतला. ताजा येतो तेव्हा चिखलाने माखलेला आणि केसाळ असतो. सोलताना हातातून मासोळीसारखा निसटतो आणि कोपरापर्यंत अशी खाज सुटते की पुढचा अख्खा दिवस माणूस कुणाशी धड बोलत नाही. सोलला, वाळवला आणि तसाच ठेवला की तपकिरी पडतो. गिऱ्हाइकाला मात्र तो पांढराच हवा असतो.

ते पांढरेपण ही आमच्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, कला. मागच्या खोलीत एक कपाट होतं, माणसाहून उंच, आत जाळीचे कप्पे. कप्प्यांवर कंद मांडायचे, खाली लोखंडी थाळीत गंधक पेटवायचा आणि दार घट्ट लावून घ्यायचं. धुरीने कंद पांढराशुभ्र होतो आणि त्याला कीडही लागत नाही. गंधक जास्त झाला तर कंद आंबूस लागतो, कमी पडला तर डाग राहतात. बाबांचा हात त्यात असा बसलेला की बाजारातले इतर दुकानदार त्यांचा माल हातात घेऊन नुसते बघत राहायचे. या धंद्यात सगळेच धुरी देतात, त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. मी मात्र या घरात पहिलं पाऊल टाकलं ते शिंकत. पाहुणे हसले, नवरा कानकोंडा झाला आणि बाबांनी घाईघाईने मागच्या खोलीचं दार लोटलं. इतकी वर्षं झाली, धुरीच्या दिवशी माझ्या शिंका चुकल्या नाहीत. घरातल्या बाकी कुणाला त्या वासाचं काहीच नसायचं. त्यांचं सगळं आयुष्यच त्यात गेलेलं.

वन्संनी संशोधनासाठी हाच कंद निवडला तेव्हा बाबांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं आता तुटतात की काय असं वाटलं. माल आपल्याच दुकानातून न्यायचा हे ठरूनच गेलं. वन्सं म्हणाल्या, बाबा, चांगला माल द्या. बाबा म्हणाले, ते तू मला सांगू नकोस.

त्यांचं काम काय होतं ते मी माझ्या भाषेत सांगते. घाऊक बाजार त्यांच्या प्रयोगशाळेजवळ आहे, त्यामुळे तिकडे गेले की मी त्यांना डबा द्यायला डोकावायचे. तिथे उंच स्टुलावर बसून मी जे पाहिलं, त्याने मला अक्षरशः वेड लावलं. कंदाची पूड गरम पाण्यात खूप वेळ उकळायची, गाळायची, आटवायची. मग त्या पाण्यात स्पिरिट ओतायचं. ओतता ओतता आतून पांढरं काहीतरी उमलतं, पिंजलेल्या कापसासारखं, आणि सावकाश तळाशी बसतं. ते पॉलिसॅकराइड. साखरेचे कण एकाला एक जोडून झालेली लांबच लांब साखळी, पण चवीला अजिबात गोड नाही. वन्सं तो कापूस उजेडात धरायच्या तेव्हा त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला माझ्या नवऱ्याकडे इतक्या प्रेमाने कधी बघता आलं नाही याची खंत वाटायची.

मग त्याची ताकद मोजायची. कापलेलं सफरचंद हवेत काळं पडतं, तशी शरीरातही सारखी झीज चालू असते म्हणे, आणि ती अडवणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. तो गुण तपासायला एक जांभळं द्रावण असतं. त्यात आपला पदार्थ घालायचा. पदार्थात दम असेल तर जांभळा रंग जातो आणि पिवळा येतो. दम नसेल तर जांभळ्याचं जांभळंच राहतं.

वन्संनी पहिल्यांदा आमच्या कंदाचा अर्क घातला तेव्हा मी तिथे नव्हते, पण त्यांनी दुकानात फोन करून सांगितलं. बघता बघता पिवळं झालं, वहिनी. त्या फोन कधी स्वतःहून करत नाहीत. पुन्हा केलं तरी पिवळं, आणखी पातळ करून केलं तरी पिवळं. त्यांच्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, आपल्या खोलीतून उठून ते बघायला आल्या. कुठल्याही मुळाच्या अर्काने इतकं झटकन काम केल्याचं त्या विभागात कुणी पाहिलं नव्हतं. मॅडम वर्षानुवर्षं वन्संसाठी एक कायमची जागा मागत होत्या आणि वरून नन्नाचा पाढा चालू होता. आता त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात संस्थेची सभा आहे, तिथे हे काम मांडा. जागेचा निर्णय त्याच सभेनंतर होईल. हा आकडा पाहिल्यावर कुणाची नाही म्हणायची छाती होणार नाही.

घरात आनंदीआनंद. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला कंदाची पुडी देताना लेकीची गोष्ट फुकट जोडून द्यायचे. आमचे हे तर इतके हवेत गेले की रंगाऱ्याकडून परस्पर एक पाटी रंगवून आणली: शास्त्राने सिद्ध झालेला कंद इथे मिळेल. मी म्हटलं, अहो, निदान सभा तरी होऊ द्या. मग ती पाटी कागदात गुंडाळून दाराआड उभी राहिली.

आता यापुढे दुसरं कुणी असतं तर पाय पसरून बसलं असतं. आमच्या बाईंना मात्र तो कापूस अजून पुरेसा स्वच्छ वाटत नव्हता. तुम्हाला कपाची गोष्ट सांगितली ती उगाच नाही. एका विशिष्ट पातळ पडद्याची नळकांड्यासारखी पिशवी मिळते. तिच्यात अर्क भरायचा, दोन्ही तोंडं बांधायची आणि पिशवी पाण्याच्या टबात सोडून द्यायची. साखरेची लांब साखळी पडद्यातून जाऊ शकत नाही, ती आत राहते. बारीकसारीक जे काही असेल ते पाण्यात निघून जातं. मग पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं. तिथले कित्येक जण ही धुलाई करतच नाहीत, किंवा ताकद आधी मोजून घेतात आणि धुतात नंतर. वन्संनी धुतलं आणि मग मोजलं.

जांभळं जांभळंच राहिलं. म्हणजे थोडं फिकुटलं, पण पिवळ्याचा पत्ता नाही.

त्यांना वाटलं पिशवी फुटली असेल. नवी पिशवी घेतली, तेच झालं. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी ऐकून मला आजही थक्क व्हायला होतं. टबातलं पहिलं पाणी त्यांनी फेकलं नव्हतं. बाईंना काही फेकवत नाही. त्यांनी ते बाहेरचं पाणी आटवून जांभळ्यात घातलं, आणि ते एका क्षणात पिवळं झालं. म्हणजे ज्या ताकदीसाठी सगळे नाचत होते ती कापसात नव्हतीच. ती दुसऱ्याच कसल्या तरी बारीक पदार्थाची होती आणि पहिल्याच पाण्याबरोबर वाहून गेली होती.

मॅडमना त्यांनी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. त्या बाई वाईट नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. वन्संच्या जागेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, धुण्याआधीचा आकडा मांडा, बरेच जण तोच मांडतात, त्यात खोटं काही नाही. वन्सं म्हणाल्या, पण तो कशाचा आकडा आहे ते मला माहीत नाही. मॅडमनी विचार करायला सांगितलं आणि विषय थांबवला.

त्याच आठवड्यात बाबांनी लेकीसाठी मालाची नवी पुडी बांधली. एरवी पुड्या माझा नवरा पोचवायचा, त्या दिवशी त्याची पाठ धरली होती म्हणून मी गेले. वन्संनी माझ्यासमोरच पुडी फोडली, कंद दळायच्या यंत्रात टाकले आणि दळून झाल्यावर झाकण उघडलं. मी शिंकले. मग पुन्हा शिंकले. मग अशी काही रांग लागली की पलीकडच्या टेबलावरचे लोक काम थांबवून हसायला लागले. मी डोळे पुसत माफी मागत होते आणि वन्सं हातात झाकण घेऊन माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"वहिनी, तू अशी एरवी कधी शिंकतेस?"

मी म्हटलं, "धुरीच्या दिवशी. तुम्हाला माहीत आहे की."

त्यांनी पूड नाकाशी नेली आणि खोल श्वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीच वेगळं जाणवत नव्हतं. ज्या वासात रांगल्या, अभ्यास केला, तापात पडून राहिल्या, तो वास त्यांच्या लेखी वासच नव्हता. कंदाला कंदाचा वास येतो, एवढंच त्यांना माहीत होतं. तिथल्या बाकीच्यांनी हा कंद दुसरीकडचा कधी हुंगलाच नव्हता, मग तेही तसंच समजत होते.

पुढचं सगळं त्यांनी माझ्या देखत केलं. धुरीतला गंधक कंदात मुरतो आणि त्याचं जे क्षारासारखं काहीतरी मागे राहतं, ते त्यांच्याकडे एका बाटलीत शुद्ध रूपात होतंच. त्याची चिमूट पाण्यात विरघळवली. थेंब जांभळ्यात टाकला. मला वाटलं होतं थोडा वेळ लागेल, पण रंग डोळ्यासमोर गेला. पिवळंधम्मक. त्या काचेच्या नळीत वन्संची कायमची जागा, बाबांची फुगलेली छाती आणि आमच्या ह्यांची पाटी, सगळं एका थेंबाने धुऊन निघालं.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. वन्सं म्हणाल्या, "सापडलं." आणि त्यांचा चेहरा, देवाशपथ सांगते, उजळला होता. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

बसमध्ये मी त्यांची विनवणी केली. मॅडमना काय सांगायचं ते सांगा, सभेत नमुना सदोष होता म्हणा, ज्याच्याकडून माल घेतला त्याचं काहीतरी चुकलं म्हणा, पण बाबांपर्यंत नेऊ नका. त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून घेतला तो कोण, वहिनी? त्या म्हणाल्या की धुरीचं नाव घेतलं नाही तर उद्या दुसरं कुणीतरी दुकानातून असाच पांढराशुभ्र कंद आणेल, असंच पिवळं बघेल आणि असंच नाचेल. मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मध्ये मध्ये शिंकत राहिले.

बाबा मागच्या खोलीत बैठ्या स्टुलावर कंद सोलत होते. खाज लागू नये म्हणून हातांना तेल चोपडलेलं. लेक आडदिवशी आली म्हणून खूश झाले.

"बाबा, माझ्या मालाला धुरी दिली होती?"

"दिली होती का म्हणजे?" बाबांचा चेहरा खुलला. "गिऱ्हाइकाला एकदा देतो. तुझ्या मालाला दोनदा दिली. मोठ्या लोकांसमोर जाणार, एक डाग दिसता कामा नये."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माणसाने लेकीवर इतकं प्रेम करू नये असं मला त्या वेळी वाटलं.

वन्संनी दुसरं स्टूल ओढलं. ज्या बाई प्रयोगशाळेत हातमोज्यांशिवाय साधं झाकण उघडत नाहीत, त्यांनी उघड्या हातांनी कंद घेतला आणि सोलायला बसल्या. सोलता सोलता सगळं सांगितलं. पिशवी, बाहेरचं पाणी, बाटलीतली चिमूट. दोष देण्यासाठी आवाज चढवला नाही आणि वाईट वाटेल म्हणून काही गाळलंही नाही. बाबा ऐकताना सुरी चालवत होते. मग ती थांबली.

"म्हणजे तो पिवळा रंग माझ्या धुरीचा होता."

"हो, बाबा."

"मग तुझ्या कंदाचं त्यात काय होतं?"

"ते मला अजून माहीत नाही. तेच बघायचं आहे."

बाबांनी हात पुसले आणि वर गेले. वन्संचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मी तेल आणून दिलं तर म्हणाल्या, राहू दे, खाजू दे थोडं.

त्यानंतर घरात कुणी कुणाशी सरळ बोलेना. आमचे हे बहिणीवर भडकले. चार घरी जिची पाठ थोपटली तिनेच बापाच्या दुकानावर पाणी ओतलं, असं काहीबाही बोलत होते. मी म्हटलं, तुम्ही पाटी रंगवायची घाई केली तेव्हा कुणाला विचारलं होतं? तेव्हा ते उठून दुकानात निघून गेले. बाबा दुकानात बसायचे पण लेकीची गोष्ट कुणाला सांगायचे नाहीत. मागच्या खोलीत त्यांची काहीतरी खुडबुड चालायची. तिथे कुणाला येऊ देत नव्हते.

पुढच्या सुट्टीला वन्सं आल्या तेव्हा बाबांनी त्यांच्यासमोर एक पाखडायचं सूप ठेवलं. त्यात शान-यावचे काप होते, तपकिरी, वेडेवाकडे, जुन्या पुठ्ठ्यासारखे कडा वळलेले. इतका कुरूप माल या दुकानात मी कधी पाहिला नव्हता. बाबा खाली बघत म्हणाले की उन्हात आणि पंख्याखाली वाळवलाय, धुरी नाही, कपाटाजवळसुद्धा नेला नाही. आणि मग म्हणाले, "पण कुणी विचारलं तर आपल्या दुकानातला आहे असं सांगू नकोस."

वन्संनी सूप दोन्ही हातांनी उचललं. मग त्या तो माल पुडीत न बांधता तसाच, सुपासकट, मांडीवर घेऊन बसमधून गेल्या.

सभेला मी बाबांना घेऊन गेले. ते आधी नको नको म्हणत होते. मग दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरून बसले, म्हणजे वेळ आली तर उठून जाता येईल. वन्संची पाळी आली. त्यांना भाषण येत नाही. कागदाकडे बघून, एका सुरात, घसा खाकरत बोलतात. त्यांनी आधी तो पहिला, सगळ्यांना तोंडपाठ झालेला आकडा पडद्यावर दाखवला. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या, कारण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक होतं.

"हा आकडा चुकीचा आहे," वन्सं म्हणाल्या. "हा कंदाचा नाही, गंधकाच्या धुरीचा आहे. धुरीचं कपाट आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. मी त्याच धुरात वाढले आणि तेच मला दिसलं नाही. चूक माझी आहे."

मी बाबांचा हात धरला. मला वाटलं, आता ते उठणार. पण ते उठले नाहीत.

मग वन्संनी दुसरा आकडा दाखवला. बिनधुरीच्या कंदाचा. लहान होता, पहिल्याच्या शेजारी तर अगदीच केविलवाणा. जांभळं पिवळं होत नव्हतं, सावकाश फिकट होत जायचं. पण पिशवीत घालून धुतल्यावरही तो तेवढाच राहत होता. पुन्हा धुतलं तरी तेवढाच. वन्संनी तो पुन्हा पुन्हा धुतला होता, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या म्हणाल्या, हे थोडं आहे, पण हे त्या साखळीचं स्वतःचं आहे. कुणीतरी विचारलं की असा बिनधुरीचा माल मिळतो कुठे, बाजारात तर दिसत नाही. वन्संनी कागदावरून डोळे उचलले आणि थेट शेवटच्या रांगेकडे बघितलं.

"माझ्या वडिलांच्या दुकानात. त्यांनी स्वतः वाळवलाय."

तोंड फाटेपर्यंत कौतुक करावं असे प्रसंग माणसाच्या वाट्याला कितीसे येतात? मला तो आला, आणि सभागृहात ओरडायची सोय नव्हती म्हणून मी बाबांचा हात इतका दाबला की ते कळवळले. सगळ्यांच्या समोर, कायमच्या जागेवर पाणी सोडताना, त्या बाईंचा आवाज एकदाही कापला नाही. उलट बोलताना पहिल्यांदाच त्यांचा घसा साफ वाटला.

जागा दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी मिळाली. वन्संची वर्षाची कच्ची नेमणूक तेवढी पुढे चालू राहिली. बातमी कळली त्या दिवशी मी त्या संस्थेच्या नावाने जी काही लाखोली वाहिली ती ऐकून आमचे हेसुद्धा चपापले. वन्सं फोनवर फक्त म्हणाल्या की काम खूप पडलंय, थोडे दिवस घरी यायला जमणार नाही. मॅडम आता विभागातल्या प्रत्येकाचं मूळ आधी वन्संकडे पाठवतात आणि पिशवीबाहेरचं पाणी दाखवल्याशिवाय कुणाचा आकडा पाहत नाहीत, हे मला तिथल्याच एकाने सांगितलं. वन्सं स्वतःचं कौतुक स्वतः सांगणाऱ्यातल्या नव्हेत.

इकडे बाबांनी दर्शनी बरणीत तपकिरी काप भरले. जुनी गिऱ्हाइकं हातात घेऊन नाक मुरडत होती, काही दुसऱ्या दुकानात गेली, काही कुरकुरत का होईना परत आली. दाराआडची ती पाटी आमच्या ह्यांनी स्वतःच पालथी टाकली. तिच्या कोऱ्या बाजूवर आता काप वाळतात. आणि एके दिवशी दोन हमाल आले आणि मागच्या खोलीतलं कपाट उचलून घेऊन गेले. कुणी बोलावलं, कधी ठरलं, बाबांनी कुणाला काही सांगितलं नाही. ते फक्त रिकाम्या भिंतीवरचा काळा डाग ओल्या फडक्याने पुसत राहिले. तो निघाला नाही.

बऱ्याच दिवसांनी वन्सं घरी आल्या. पिशवी खांद्यावर, चप्पल अर्धी पायात, आणि उंबऱ्यातच थबकल्या. मी विचारलं, काय झालं, बरं नाही का? त्यांनी मान हलवली. दुकानभर नजर फिरवली, खणांवरून, बरणीवरून, बाबांवरून. मग त्यांनी नाकाने श्वास आत घेतला, एकदा, आणि पुन्हा.

"वहिनी, घराचा वास कुठे गेला?"

बाबांनी तागडी खाली ठेवली. म्हणाले, कपाट काढलं.

ज्या बाई भरल्या सभेत कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिल्या होत्या, त्या तिथेच मुळांच्या पोत्यावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडायला लागल्या. बाबा जवळ आले. हात पुढे केला, मग मागे घेतला, हाताला कंदाचा चिकटा होता म्हणून सदऱ्याला पुसला आणि लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"होईल सवय, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "मलाही अजून झाली नाही."

मग तेही लेकीच्या शेजारी पोत्यावर बसले.